कोमट पाणी

धंतोलीतल्या दवाखान्यात मी रात्रपाळीचा न्हावी.
बाप मोक्षधाम घाटावर बसायचा,
डोकी भादरायचा, दोन डोक्यांमागे एक विडी.
म्हणायचा, जित्ती कातडी पात्याला बिचकते,
मेलेली बिचकत नाही,
एवढं कळलं की आपल्या धंद्यापुरतं झालं.

डिसेंबर. अधिवेशनाचे दिवस.
रात्री दीडला निरोप आला, पाचव्या मजल्यावर चल,
माजी मंत्री मुरलीधरराव पाचघरे,
छातीपासून मांडीपर्यंत.

त्याच्या तासभर आधी मी तिसऱ्यावर होतो.
एक पोट्टा, विशीतला,
कोराडी रोडवर ट्रकने उडवलेला.
टाचांच्या भेगांत राख, वीजकेंद्राची,
स्पिरिटने घासली तरी निघेना.
छाती वरखाली होत होती; ते मशीन करत होतं.
अंग मात्र ऊन.
तिसऱ्यावरचा गिझर दिवाळीपासून बंद आहे.
मी त्याच्या पोटावर गार पाणी लावलं
आणि सवयीने हात थांबवला,
बिचकेल म्हणून.

हे बापाने शिकवलं नव्हतं.

खाली टीव्हीवाल्यांच्या गाड्या, झेंडे, पोलीस.
कुणी सांगत होतं, साहेब यादीत एकोणिसावे होते,
कुणी सांगत होतं, टेकडीच्या गणपतीला एकशे आठ नारळ फुटले.
खरं काय ते मला माहीत नाही.
तुळशीराम चहा गाळता गाळता बोलला,
चला, शहात्तराव्या वर्षी तरी
काळीज बसवून राहिले.
डॉक्टर यकृत म्हणतात. आमच्यात त्याला काळीजच म्हणतात.
मी हसलो नाही.
हसलोही असेन.

बेसा रोडच्या आत एक ले-आउट आहे, पाचघरे नगर.
तिथला एक्केचाळीस नंबर माझा.
बावीस वर्षं हप्ते भरले,
पावत्या बिस्किटाच्या डब्यात आहेत,
प्लॉट नकाशात आहे,
जागेवर नाला आहे.

साहेबांना मशीनचा आवाज सोसेना.
ते घुर्रघुर्र नोको, वस्तरा आण.
नियमात वस्तरा बसत नाही.
पाच मिनिटांत बसला.

डोळे हळदीच्या पाण्यासारखे,
पोट नगाऱ्यासारखं तट्ट,
त्यावर चार पांढरे केस, भिजलेले.
पातं टेकायच्या आधीच कातडी आक्रसली.
"धार आहे ना बे?"
"हाओ, साहेब."
"कापलं तर आप्रेशन रद्द करतात म्हणे."
"हाओ, साहेब."
मग आम्ही दोघेही पात्याकडे पाहत राहिलो.
जरा जास्तच वेळ.

"कुठं राहतो?"
"पाचघरे नगर."
डोळे मिटूनच म्हणाले, "चांगला एरिया आहे."

अर्धं पोट झालं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.
या हाताने मैदानं गप्प केलेली मी पाहिलीत,
गर्दीत उभा राहून, टाळ्या वाजवत.
आता नाडी माझी की त्यांची उडतेय, कळेना.
"तुझा बाप काय करायचा?"
"हजामतच."
घाटाचं बोललो नाही.
"वाचीन का रे मी?"
"केस तर येतातच परत, साहेब. दोन महिन्यांत."
हे मी सगळ्यांनाच सांगतो.
तिसऱ्यावर सांगायला कुणी जागं नव्हतं.

एक थेंब रक्त निघालं नाही. हात चांगला आहे माझा.
बापाचा आहे.
का नाही निघालं, हे मला
नाल्याकाठी उभं राहून कधीतरी विचारायचंय.

उतरताना लिफ्ट अडवून ठेवलेली, कुठल्या तरी पेटीसाठी.
जिन्याने आलो.
तिसऱ्याच्या पायरीवर एक बाई बसली होती,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चपला,
एकीचा अंगठा तुटलेला.
माझ्या हातातली वाटी पाहून उठली.
"भाऊ, त्याले थंडं पानी तं नाई लावलं ना?
लहानपनापासून त्याले थंडी सोसत नाई."

"नाही, माय," मी म्हणालो.
"कोमट होतं."