दौंडला इंजिन फिरतं

धुकं पडतं मथुरेला
आणि रजा कापली जाते माझी, खडकीत.
ते धुकं मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.
इटारसीच्या फलाटावर बसून नुसतं ऐकलंय:
पाच घंटे, मग नऊ घंटे,
मग भोंग्यातली बाई बोलायचीच थांबली
आणि हणमंत म्हणाला, चल, अजून एक चहा होईल.

तीन दिवसांची रजा होती.
जाताना पुण्याहूनच आठ तास उशीर,
कारण जी गाडी जायची ती आलेलीच नव्हती.
येताना चौदा.
चौदातले दहा तरी त्याच्या शेजारी गेले, बाकावर,
सामानाकडे बघत.
त्याच्या कारखान्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती,
तरी तो उठला नाही.
क्वार्टरमध्ये त्यानं भरीत केलं होतं. खारट.
बोलले नाही.
दोन दिवसांत कुठलं कुठलं बोलायचं?

तेहतीस नंबर, खालचा, खिडकीपाशी,
असं तिकीट म्हणतं.
तिकिटाला काय जातंय म्हणायला.
तेहतिसावर आम्ही सहा जण, खाली वाटेत तिघं,
संडासाच्या दाराशी एक बाई, दीड महिन्याचं मूल घेऊन,
तिला आत घेतली तेव्हा सात.
ढमढेरे हवालदार पत्र्याच्या ट्रंकेवर बसून झोपलेला,
शिक्रापूरचा, लेहहून निघालेला,
झोपेतही हातमोजे काढत नव्हता.
घोंगडी कुणाची हे खंडव्यानंतर कुणी विचारलं नाही.
भुसावळला केळी घेतली, वाटली, खाल्ली,
साली टाकायला उठणार कोण,
मनमाडपर्यंत प्रत्येकाच्या हातात आपापली साल.

मुनेश्वर पहिल्यांदाच येत होता,
वाघोलीला, फरशीच्या कामावर.
गाडी थांबली की विचारायचा, पुणे?
नाही, हे नगर.
पुणे?
नाही रे, विसापूर.
पुणे?
हे काहीच नाही. हे नुसतं उसाचं रान आहे,
आणि कुठलीतरी मालगाडी आपल्याहून महत्त्वाची आहे.

पहाटे चार वाजता दौंड.
थंडी अशी की चहावाल्याचा आवाजसुद्धा मफलर गुंडाळून आलेला.
इथे इंजिन सुटतं,
एकटंच लांबून वळसा घालून
गाडीच्या शेपटीला येऊन लागतं,
म्हणजे शेपटीलाच तोंड म्हणायचं.
पंचेचाळीस मिनिटं.
जुने प्रवासी उठून जागा बदलतात,
पुढे तोंड करून जायची माणसाला खोड असते.
समोरचा म्हणाला, ताई, इकडे या, आता ही बाजू उलटी होणार.
म्हटलं, असू दे.

गाडी हलली
आणि बसल्या जागी मी उलटी झाले.
पाटस, केडगाव, यवत
पाठीमागून येत होते, डोळ्यांसमोरून लांब जात होते,
आणि रुळांच्या त्या टोकाला, जिकडे माझं तोंड,
दौंडच्या पलीकडे, मनमाडच्या, भुसावळच्या पलीकडे,
तो आता उठला असेल.
बंब पेटवत असेल.
एकट्यापुरतं पाणी किती लागतं
हे त्याला अजून जमत नाही,
दर वेळी उरतं.

उरुळीला उजाडलं.
हडपसरला हवालदारानं हातमोजे काढले, मिशा पुसल्या.
घोरपडीबाहेर सिग्नलला वीस मिनिटं, ती धरायचीच.
त्या बाईचं मूल पहिल्यांदा रडलं, चांगलं खणखणीत,
सगळा डबा बघून हसला.

पुणे? मुनेश्वरनं विचारलं.
मी वळून पाहिलं नाही.
हो म्हणाले. आता पुणे.

सातची पाळी चुकली होती.
फलाटावर उतरून खडकीची लोकल विचारली,
तीही अर्धा तास लेट.
पिशवीत हात घातला सुट्ट्या पैशांसाठी
तर हाताला लागली
भुसावळची साल, काळी, गार.