तळाशीलला कंपाइल करताना

रेंज फक्त मागच्या पडवीत, तीही उभं राहिलं तर.
प्लगिन उतरायला तीन रात्री गेल्या.
आज टर्मिनलने त्याचं नाव ओळखलं.

रापणीचा करार लिहिलाय मी.
एकेचाळीस वाटे, त्यातले चार जाळ्याचे, दोन होडीचे,
आणि वर टिप्पणीत बाबलकाकांचं वाक्य, जसंच्या तसं:
'जेना दोरयेक हात लावल्यान, तेका वाटो.'

कमांड देते.
आवृत्ती जुळत नाही म्हणतो. जुळवते.
बाविसाव्या ओळीत अर्धविराम नाही. देते.
तिसाव्या ओळीतला 'हात' त्याला ठाऊक नाही:
आकडा आहे की पत्ता?
पत्ता, म्हणते मी.
सुलूमावशीचा तळवा दोरीने सोलला होता मार्गशीर्षात,
ते तो विचारत नाही.

मग एकदम हिरवं.
पडद्यावर साठ ऐंशी साठ चाळीस, पुढे न संपणारं काहीतरी.
काका चष्मा वर करून वाचतात,
'असो उलटो भाव खंयच्या लिलावात लावतत गो?'

एक पिवळी सूचना राहिलीय:
'उरलेले' हे नाव घोषित केलंत, वापरलं कुठेच नाही.

इथे भागाकार पूर्णांकातच होतो.
वाईट दिवसाचे दोनशे तेरा बांगडे,
वाट्याला पाच-पाच,
आठ उरतात.
वाळूवर ते आठ कोणी मोजत नाही.
उन्हं चढेपर्यंत पडलेले असतात,
मग नसतात.
कोणी नेले, हे गावात सगळ्यांना माहीत असतं
आणि कोणी बोलत नाही.

त्यांना कुठला पत्ता देऊ?

ती ओळ पुसली की पिवळं जाईल.
कर्सर तिच्यावर लुकलुकतोय,
बाहेर कोणीतरी ओरडतंय, दोरी धरा.