तिसरा हिस्सा

शिडीवरून पडून ओताकारने मनगट मोडून घेतलं,
म्हणून या शनिवारी बादल्या माझ्याकडे.

खुर्चीत बसून तो हुकूम सोडतो.
तिसरा हिस्सा काढ, जास्त नाही.
नळीचं तोंड वाळूच्या किंचित वर.
त्या काळ्या कोपऱ्यात घुसू नकोस, म्हातारा झोपलाय.
म्हातारा म्हणजे कॅटफिश, चौदा वर्षांचा,
ओठांनी काचेला चिकटून राहणारा.

नळी ओढताना घोटभर पाणी घशात गेलं.
ओल्या मातीची चव,
बटाटे धुतल्यावर हातांना राहते तशी.
इतकी वर्षं माझ्याच दिवाणखान्यात होतं हे पाणी,
सातव्या मजल्यावर, रेडिओशेजारी,
आणि मी आज चाखलं.
लग्नापासून त्याच्या माशांना मी पाण्यात पाहत आले.
हसू नका, दुसरा शब्द नाही.

एकतीस वर्षं मी ओस्त्रावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात होते.
तीन लाख पेल्यांत माझ्या हातचं क्लोरीन उतरायचं,
कुणी आजारी पडू नये इतकं,
कुणाला कळू नये इतकं.
आणि घरी हा माणूस
तेच क्लोरीन बादलीतून मारून टाकायचा,
हायपोच्या खड्यांनी.
डबा डार्करूममधला.
ज्या मिठाने नवरानवरींचे चेहरे
कागदावर कायमचे बसवायचा,
तेच मीठ, बादलीला दोन खडे.
मी घालायचे, तो काढायचा.
असा आमचा संसार.

मग पुराचं वर्ष.
धरणातून कॉफीसारखं पाणी आलं.
पहाटे तीनला इंजिनिअर प्शिबिल म्हणाला, वाढव.
मी चाक फिरवलं.
अजून, म्हणाला.
अजून फिरवलं.
घरी येऊन झोपले. सांगायचं राहिलं.

खरं तर राहिलं नव्हतं.
त्या आठवड्यात आम्ही बोलत नव्हतो.
कशावरून, ते आता आठवत नाही.
दुपारी उठले तर स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरलेलं,
त्यावर अकरा निऑन,
अंगावरच्या पट्ट्या अजून विझल्या नव्हत्या.
माझंच मोजायला चुकलं असेल, तो म्हणाला.
मी म्हटलं, असेल.

आज बाहेर बर्फ वितळतंय.
नळ सोडला आणि वाफेबरोबर तो वास आला.
मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
नाकाला कुणी निरोप समारंभ केला नाही.

कोमट हवं, तो म्हणतो, कोपर बुडवून बघ.
माझ्या कोपराला पंचवीस अंश कळत नाहीत, मी म्हणते.
थर्मामीटर कुठाय?
फुटला. गेल्या हिवाळ्यात.
बुडवते कोपर.

दोन खडे टाकले.
त्याची मान खिडकीकडे वळलेली बघून आणखी दोन.

चार का?
पाठमोऱ्यानेच आवाज मोजला त्याने.
नळाला वास येतोय, मी म्हटलं,
आणि वाटलं, ते अकरा आता सांगून टाकावेत.
तोंड उघडलंसुद्धा.

मीही तेच करायचो, तो म्हणाला.
तू रात्रपाळीवरून येऊन झोपलीस
की खुंटीवरच्या तुझ्या कोटाची बाही हुंगायचो.
उग्र असली तर चार.

कधीपासून?

तो प्लास्टरमधलं बोट टाकीकडे रोखतो.
हळू ओत. तळहातावरून.
वाळू उडेल.

मी हळू ओतते.
म्हातारा काच सोडून
धारेखाली येऊन थांबतो.
बादली अजून अर्धी आहे.