वादी क्रमांक एक

कोर्टनाक्यावर बावीस वर्षं टायपिंग करतोय.
भाडेकरार, वारसदाखले, नावातले बदल.
आज पोशा केणीनं कागद पुढे सरकवला.
वादी क्रमांक एक : नदी.

नाव?
पालिकेच्या नकाशात नाला नंबर नऊ.
आमच्यात मोठी म्हणतात, नुसतं मोठी.
'मोठी ऊर्फ नाला नंबर नऊ' टाइप केलं.
वय?
वकील म्हणतात अज्ञान लिहा,
म्हणजे पालनकर्ता लावता येतो.
पोशा भडकला. डोंगराच्या वयाची बाई, अज्ञान?
धंदा?
कंपन्या रात्री सोडतात ते वाहून नेणं,
असं चालेल का, त्यानं विचारलं.
रकाना कोरा ठेवला.

सोबत सातबारा जोडलेला.
त्यात ती पोटखराबा,
आकार निरंक.

अडलो चतुःसीमेला.
पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण,
मला शेजाऱ्यांची नावं लागतात.
पोशा म्हणाला, पारसिकच्या माथ्यावर
तांब्याभर पाणी ओत.
इकडे वळलं तर तिचं,
शीळकडे वळलं तर दुसरीचं.
इकडचं सगळं लिही :
खदाण, पाडा, एमआयडीसी, सेक्टर,
खाडीच्या तोंडाशी उरलेली तिवरं.
चार दिशांच्या जागेत
पाऊण पान गेलं.

पानाचे साठ रुपये त्यानं मोजून दिले.
प्रतिवादींची यादी उद्या आणतो म्हणाला,
लांब आहे.

मी घणसोलीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर.
रात्री मोरीत हात धुताना
साबणाचा फेस जाळीपाशी गोल फिरला.
नळ बंद करून
तो कुठे वळतो ते ऐकत राहिलो.