आठच्या आत

लिफी नदीवरचा टोलनाका हटवला
तेव्हापासून बाबांना वाटतं, पूल फुकट झाला.
"पोरी, सरकारला अक्कल आली एकदाची!"

कॅमेऱ्याला त्यांच्या जुन्या टोयोटाचा नंबर तोंडपाठ.
दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरायचे,
नाहीतर दंड.
मी भरते. बसमधून, फोनवर,
एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतून.

दर गुरुवारी दोन नोंदी :
जाताना अकरा, येताना सहा.
पलीकडे कोण राहतं, विचारलं नाही.
मॅलकी डोरन, वय एकोणऐंशी,
गाडीत अलीकडे आफ्टरशेव्हचा वास.

आज शुक्रवार. पावणेआठ.
कालची एकच नोंद.
जातानाची.

तेवढे भरून टाकले.
परतीचे?
बघू, कधी लागतात ते.