मोजदाद

मला पक्ष्यांतलं काही कळत नाही.
आठवडाभर मी टुकुम्सच्या शाळेची गाडी चालवते.
एप्रिलच्या शनिवारी हीच गाडी, हीच बाकं,
पोरांच्या जागी फक्त म्हातारी पोरं:
रबरी बूट, थर्मास, गळ्यात दुर्बिणी,
खिशात कागदात गुंडाळलेला काळा पाव.
ते पक्षी मोजतात. मी त्यांना मोजते.
निघताना नऊ, परतताना नऊ,
एवढंच माझं शास्त्र.

पहाटे पाचला एंगुरेच्या तळ्यावर
धुकं बोरूच्या कमरेपर्यंत.
लाकडी फळ्यांच्या वाटेवरून एकामागे एक,
कुणी बोलायचं नाही असं ठरलेलं,
आणि स्काय्द्रिते बोलतेच,
गुडघ्याबद्दल, जावयाबद्दल,
नव्या पत्र्याच्या छपराबद्दल,
तोवर बोरूतून कुणीतरी
रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी
तसं हुंकारतं,
आणि तीही गप्प.
दिसत नाही तो कधीच.
"एक," तालिवाल्डिस लिहितो, "ऐकला."

तालिवाल्डिस त्यांचा मास्तर.
पूर्वी साखर कारखान्यात वजनकाटा सांभाळायचा,
म्हणून खाडाखोड त्याला खपत नाही.
चाळीस वर्षांच्या वह्या, निळ्या पुठ्ठ्याच्या,
पानोपानी दोन रकाने:
पाहिला. ऐकला.
ऐकीव लिहायला सांगणाऱ्याला
तो पुढच्या खेपेला गाडीत मागे,
टायरवरच्या बाकावर बसवतो.
बसतातही बिचारे, खड्ड्याखड्ड्याला उडत.

उन्हं वर आली की जंगलात.
पाइनखाली पाऊल वाजत नाही,
जुन्या गादीवरून चालल्यासारखं,
हात टेकला तिथे डिंक.
काळा सुतार, एक, पाहिला.
आणि वर कुठेतरी तो,
सोनडोक्या म्हणतात आमच्याकडे,
वजन दीड साखरखडा,
काचेवर सुई ओढावी तसा गातो.

गेल्या शनिवारी सगळे थांबले, माना वर.
तालिवाल्डिसही थांबला, मान वर,
पण जरा उशिरा.
पुढच्या गाडीचा लाल दिवा बघून
ब्रेक दाबावा तसा.
ड्रायव्हरला हे दिसतं.
पेन्सिल काढली त्यानं,
वही उघडली नाही.
स्काय्द्रितेसुद्धा काही बोलली नाही.
वय झालं की कानातून
तो सूर सगळ्यात आधी जातो,
हे मला नंतर सांगितलं कुणीतरी.

मग माडारा, अकरा वर्षांची,
कुणाची तरी नात, कंटाळून सकाळपासून शेंगदाणे फोडणारी,
त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.
सूर आला की एक बोट वर.
थांबला की खाली.
वर. खाली. वर, बराच वेळ वर.
तो झाडाकडे बघेना.
बोटाकडे बघत राहिला,
ओठ हलत होते,
मोजत होता की काय कोण जाणे.

शेवटी वही उघडली.
मी पाठीमागून वाचलं:
सोनडोक्या, एक.
पाहिलामध्ये नाही, ऐकलामध्ये नाही.
त्यानं मांडीवर पट्टी धरून
तिसरा रकाना आखला होता,
वर नाव न घातलेला.

परतताना माणसं मोजली. आठ.
पुन्हा मोजली.
तालिवाल्डिस आपणहून
टायरवरच्या बाकावर जाऊन बसला होता,
म्हणून दिसला नव्हता;
शेजारी माडारा, तिच्या तोंडात त्याचा पाव.

किल्ली फिरवण्याआधी
मी माझ्या बाजूची काच चार बोटं खाली केली.
होता अजून.
एकोणपन्नास संपेल मला जूनमध्ये.
स्टिअरिंगवरच एक बोट उचललं, कुणाला न दिसेलसं,
आणि मग गाडी सुरू केली,
तेव्हा कुणालाच काही ऐकू येईना.