हरकत क्रमांक एकेचाळीस

प्रारूप नकाशात प्रभाग सातची सीमा
ओढ्याच्या मध्यातून दक्षिणेला जाते,
मग एकाएकी डावीकडे वळते,
वडार गल्लीतून आरपार निघते
आणि पुन्हा सरळ,
जणू कुणाच्या घरी चहा घेऊन आली.

विटा पालिकेच्या सभागृहात
यल्लूबाई धोत्रे उभी राहिली.
"सायेब, वढा हितं वळत न्हाई.
सरळ जातो. त्या लॉनच्या खालनं.
माझ्या लग्नातली घागर त्येनंच न्हेली,
मी काठाकाठानं पळालीया मागं.
मला वाट ठावं हाय."

लॉनच्या मालकाचं नाव
सगळ्यांना माहीत होतं,
म्हणून कुणी घेतलं नाही.

गल्लीत मतं एकशे ब्याऐंशी.
आता एक्क्याण्णव सातमध्ये, एक्क्याण्णव आठमध्ये.
इतकी अचूक वाटणी
भावाभावांत कधी झाली नव्हती.

साहेबांनी घड्याळ पाहिलं.
मी कारकून. टिपणात लिहिलं:
'सदर ठिकाणी ओढा आढळून येत नाही.
घागरीबाबत पुरावा सादर नाही.'
अक्षर चांगलं आलं.

दारात तिनं मलाच विचारलं,
"मग माझी जाऊ आता कुठल्यात?"
मी नकाशा उलटा धरला,
सुलटा धरला.
आतून बेचाळीसचा पुकारा झाला.